हसरा चेहरा जमला, पण कामातले समाधान गेले

पत्र

‘मी बरीच वर्षे एका मोठ्या रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात परिचारिका आहे. यंदाच्या वार्षिक मूल्यमापनात माझ्या कामाबद्दल एकही तक्रार नाही. मात्र शेवटी “भावनिक बुद्धिमत्ता वाढवण्याची गरज” असा शेरा आहे. त्यासाठी मला प्रशिक्षणालाही पाठवले. तिथे शिकवल्याप्रमाणे मी आता हसून बोलते, नातेवाइकांनी आवाज चढवला तरी माझा चढू देत नाही. पण कामात समाधान म्हणून काही उरलेले नाही. गेल्या महिन्यात रात्रपाळीत एक वृद्ध बाई गेल्या. त्यांच्या मुलाने मला विचारले, “सिस्टर, शेवटी आईने माझे नाव घेतले का?” मी म्हणाले, “डॉक्टर येतील, ते सगळे सांगतील”, आणि शेजारच्या रुग्णाचे सलाइन बदलायला गेले. मला रडू आले नाही, वाईटही वाटले नाही, आणि वाटले नाही याचीच आता भीती वाटते. त्या रात्री आम्ही नेहमीच्या निम्म्याच जणी होतो. माझ्यातच काही कमी आहे का? मी या कामाच्या लायक राहिले नाही का? नोकरी सोडावी का?’

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर आधी देते, कारण बाकीचे दोन त्यावरच अवलंबून आहेत. आपल्यात भावनिक कौशल्याची उणीव आहे असे आपल्या पत्रावरून मला वाटत नाही. महिना उलटून गेल्यावरही त्या मुलाचा प्रश्न आपल्याला शब्दन्‌शब्द आठवतो, आपण दिलेले उत्तर आपल्याला टोचते, आणि वाईट वाटले नाही याचे आपल्याला भय वाटते. ज्याच्या मनातली ओल खरोखर आटली आहे त्याच्या पत्रात यांपैकी काहीच आले नसते. मात्र कौशल्य म्हणून जे आपल्याला शिकवले गेले तो त्या कौशल्याचा एक लहानसा भाग आहे, शिवाय करणाऱ्याला तोच सर्वांत महाग पडतो, आणि आपल्या थकव्याचा बराचसा उगम तिथे असावा.

भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना शास्त्रीय लेखनात रुजली ती पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांच्या १९९० मधील मांडणीमुळे. स्वतःच्या व दुसऱ्याच्या भावना ओळखता येणे, एका भावनेतला आणि दुसरीतला फरक कळणे आणि त्या माहितीच्या आधारे विचार व कृती करता येणे, अशी ती मांडणी होती. पुढे १९९७ मध्ये त्यांनी तिचे चार भाग सांगितले : भावना टिपणे, विचार करताना तिची मदत घेणे, ती कशातून आली आणि पुढे कोणते वळण घेईल हे समजणे, आणि या सर्वांनंतर तिचे नियमन करणे. आपल्या प्रशिक्षणात पहिले तीन भाग जवळजवळ वगळून थेट चौथा घेतलेला दिसतो, आणि त्यातही आवाज आणि चेहरा एवढ्यावरच भर दिलेला दिसतो. रुग्णालयाच्या दृष्टीने तेवढेच सोयीचे असते, कारण चेहरा दिसतो आणि मूल्यमापनाच्या रकान्यात त्याला गुण देता येतात.

आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये हवाई सेविकांच्या कामाचा अभ्यास मांडताना, पगाराच्या मोबदल्यात विशिष्ट भावना दाखवाव्या लागणे हेही श्रमच आहेत असे ठामपणे सांगितले. हे श्रम दोन तऱ्हांनी करता येतात. आत एक असताना बाहेर दुसरे दाखवायचे, ही पहिली तऱ्हा. समोरच्याच्या परिस्थितीकडे पाहण्याची आपली दृष्टीच बदलायची, म्हणजे दाखवायचे ते निदान काही अंशी खरोखर वाटू लागते, ही दुसरी. त्यानंतर निरनिराळ्या व्यवसायांत झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्र विचार केला तर पहिल्या तऱ्हेची संगत सातत्याने थकव्याशी आणि कमी झालेल्या समाधानाशी दिसते. दुसरीचा थकव्याशी असलेला संबंध त्या मानाने बराच क्षीण आहे. जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतूनही हेच पुढे आले आहे. अप्रिय भावना चेहऱ्यावर येऊ न देणाऱ्याच्या आतली भावना त्यामुळे कमी होत नाही, शरीरावरचा ताण उलट वाढतो, आणि त्या वेळात जे ऐकले त्याचे तपशीलही नीट लक्षात राहत नाहीत. हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती, घेताना किंवा नातेवाईक औषधांची ॲलर्जी सांगत असताना परिचारिकेचे अर्धे लक्ष स्वतःचा चेहरा सांभाळण्यात गुंतले असेल, तर त्याची किंमत रुग्णही मोजतो, हे शेरा लिहिणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे.

दुसरी तऱ्हा प्रत्यक्षात कशी असते ते सांगते. एक गृहस्थ काउंटरवर हात आपटून ओरडत आहेत. ‘हा माझा अपमान करतो आहे आणि मला हसायचे आहे’ असे मनात असेल, तर ते हसणे आपल्याला पोखरत राहते. ‘याच्या वडिलांना तीन तासांपूर्वी तपासणीसाठी नेले आणि तेव्हापासून याला कोणी एक शब्दही सांगितलेला नाही’ असे मनात आले, तर राग पूर्ण जात नाही, पण करायचे काय ते बदलते. आपण फोन उचलता, रुग्ण कुठे आहे ते विचारता आणि त्यांना सांगता. तिथे हसण्याची गरजच पडत नाही. हा विचार स्वतःची समजूत घालण्यासाठी नाही, तो बहुतेक वेळा वस्तुस्थितीला धरून असतो. जिथे तो वस्तुस्थितीला धरून नसेल, म्हणजे समोरचा माणूस खरोखरच आपल्याला शिवीगाळ करत असेल किंवा अंगावर येत असेल, तिथे तो करू नये. बाजूला व्हावे, सुरक्षारक्षकाला बोलवावे आणि घटनेची लेखी नोंद करावी. अपमान सोसत राहणे हे कोणत्याही अर्थाने भावनिक कौशल्य नाही.

आता त्या रात्रीबद्दल. ‘डॉक्टर येतील, ते सांगतील’ हे वाक्य आपले वैयक्तिक अपयश म्हणून आपण मनात धरून ठेवले आहे. इझाबेल मेन्झीस या मनोविश्लेषक बाईंनी लंडनमधील एका शिक्षण-रुग्णालयाच्या परिचर्या विभागाचा अभ्यास केला होता. तो १९६० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. आजार, शरीराची घाण, वेदना आणि मृत्यू यांच्याशी रोज जवळून येणाऱ्या संबंधातून जी चिंता निर्माण होते, तिच्यापासून बचाव व्हावा अशा रीतीने तिथली सारी कामाची पद्धतच नकळत घडत गेली होती, असे त्यांनी दाखवून दिले. एका परिचारिकेने एका रुग्णाची पूर्ण काळजी घेण्याऐवजी तिने तीस रुग्णांचे एकच काम करायचे. रुग्णाचा उल्लेख नावाने न होता ‘दहा नंबरच्या खाटेवरचे लिव्हर’ असा व्हायचा. विद्यार्थिनींची वारंवार बदली व्हायची, त्यामुळे कोणाशी जवळीक होण्याआधीच वॉर्ड बदललेला असायचा. आणि प्रत्येक अवघड निर्णय वरच्या पायरीकडे ढकलला जायचा. चिंता यातून खरोखर कमी झाली नाही. मात्र एखाद्या रुग्णाला आपल्या हातून बरे वाटले हे डोळ्यांनी पाहण्यातला आनंद, ज्यासाठी पुष्कळजणी या कामात आल्या होत्या, तो नाहीसा झाला. मेन्झीस यांच्या या निरीक्षणाला साठाहून अधिक वर्षे झाली, तरी वॉर्डातल्या समाधानाबद्दल याहून नेमके काही माझ्या वाचनात नाही. आपले ते वाक्य ही त्याच पद्धतीची देणगी आहे. ते आपण शोधलेले नाही. प्रत्येक वॉर्डात ते नव्या परिचारिकेच्या कानावर पहिल्या आठवड्यातच पडते.

काहीही न वाटण्याबद्दल आपण घाबरला आहात, म्हणून त्याचे दोन प्रकार वेगळे करते. हाताशी काम असताना त्या क्षणापुरते न वाटणे ही या व्यवसायाची गरज आहे. नस शोधणाऱ्या बोटांना रुग्णाची वेदना जशीच्या तशी जाणवू लागली तर ती थरथरतील. सवयीने येणारी ही अलिप्तता मेंदूच्या अभ्यासांतही दिसते : दुसऱ्याला सुई टोचल्याची दृश्ये पाहताना डॉक्टरांच्या मेंदूतील वेदनेशी निगडित प्रतिसाद इतरांपेक्षा मंद आढळला आहे. दुसरा प्रकार वेगळा. पाळी संपली, घरी आलो, सुट्टी झाली, तरी कोणाबद्दलच काही वाटत नाही, रुग्ण म्हणजे उरकायची कामे वाटू लागतात, आणि आपल्या कामाने कोणाला काही उपयोग होतो हा विश्वास उरत नाही. क्रिस्टिना मास्लाख आणि सुझन जॅक्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने आतून रिते होणे, मोजण्यासाठी जी प्रश्नावली तयार केली, तिची तीन अंगे नेमकी हीच आहेत : भावनिक थकवा, माणसांपासून तुटलेपण, आणि आपल्या हातून काही चांगले घडत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार न मानता कामाशी संबंधित घटना मानले आहे, आणि कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा, नीट हाताळला न गेलेला ताण हे त्याचे मूळ म्हणून सांगितले आहे. आपल्याला कोणता प्रकार लागू पडतो हे आपणच तपासा. घरच्या माणसाच्या दुखण्याने आपला जीव पूर्वीसारखाच कासावीस होत असेल, तर आपण पहिल्या प्रकाराच्या अलीकडे-पलीकडे आहात; तेही होत नसेल, तर पुढे मी विश्रांतीबद्दल आणि उपचारांबद्दल जे लिहिले आहे ते आधी वाचा.

त्या मुलाला काय सांगता आले असते, हा विचार आपण अनेकदा केला असेल. खाटेजवळ आपण होता की नाही हे पत्रात नाही, म्हणून दोन्ही शक्यता धरून लिहिते. आपण जवळ असता आणि नाव ऐकू आले नसते, तरी खोटे बोलण्याची गरज नव्हती : ‘मी त्यांच्याजवळ होते. शेवटच्या तासात त्या बोलत नव्हत्या, त्यामुळे नाव घेतलेले मी ऐकले नाही. संध्याकाळी मात्र तुम्ही कधी येणार ते त्यांनी विचारले होते.’ शेवटचे वाक्य खरे असेल तरच म्हणायचे. आपण जवळ नसता, तर तेही तितक्याच साधेपणाने सांगता आले असते. आणि वेळ खरोखरच नसता, तर ‘एक सलाइन बदलून मी पाच मिनिटांत परत येते, तुम्ही इथेच बसा’ असे म्हणून खरोखर परत येणे पुरेसे होते. अशा वेळी त्याच्या दुःखात स्वतः बुडून जाणे मात्र आवश्यक नाही, आणि हिताचेही नाही. टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या मेंदू-संशोधकांच्या प्रयोगांत, दुसऱ्याचे दुःख स्वतःत अनुभवण्याचा सराव दिलेल्या लोकांची अस्वस्थता वाढली. त्यानंतर त्याच लोकांना समोरच्याचे भले व्हावे अशा मायेच्या भावनेचा सराव दिला, तेव्हा मनाची प्रसन्नता परत आली. रुग्णाजवळ बसून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बोलणे, नावाने हाक मारणे, पुढे काय होणार ते सांगणे, या कृती दुसऱ्या प्रकारच्या आहेत, आणि त्यांना फारसा वेळही लागत नाही. जाता जाता एक विनंती : त्या मुलाला आता शोधून फोन करू नका. रुग्णालयाची तशी रीतसर व्यवस्था असेल तर तिच्यामार्फतच काय ते होऊ द्या. नसेल, तर महिन्याभराने अचानक आलेला फोन त्याच्यापेक्षा आपल्याच मनाच्या शांतीसाठी असेल.

इथवर जे लिहिले ते आपल्या हातातले. पण ‘नेहमीच्या निम्म्याच जणी’ हे आपण पत्रात ओझरते लिहून पुढे गेलात, आणि माझ्या मते सबंध पत्रातील सर्वांत महत्त्वाचे शब्द तेच आहेत. परिचर्येच्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. एका परिचारिकेकडे सोपवलेल्या रुग्णांत एकाने वाढ झाली की तिच्या बर्नआउटच्या शक्यतेचे प्रमाण २३ टक्क्यांनी आणि नोकरीतील असमाधानाच्या शक्यतेचे प्रमाण १५ टक्क्यांनी अधिक आढळले. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा ३० दिवसांच्या आत मृत्यू होण्याच्या शक्यतेचे प्रमाणही ७ टक्क्यांनी अधिक होते. हे एकेका वाढीव रुग्णाचे आकडे आहेत. आपल्याकडे त्या रात्री दुप्पट रुग्ण होते. भावनिक कौशल्य आणि नोकरीतील समाधान यांचा संबंध आरोग्यसेवकांत अनेकदा तपासला गेला आहे आणि तो आढळतोही, परंतु तो मध्यम स्वरूपाचा आहे, आणि यातील बहुतेक अभ्यासांत दोन्ही गोष्टी एकाच वेळी, त्याच व्यक्तीला प्रश्न विचारून मोजलेल्या असतात. कौशल्यामुळे समाधान येते, की ज्याला कामात समाधान आहे तो स्वतःला कुशल समजतो, हे त्यावरून ठरवता येत नाही. अशा पुराव्याच्या बळावर अपुऱ्या मनुष्यबळाचा भार एका परिचारिकेच्या स्वभावावर टाकणे मला अन्यायाचे वाटते, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे.

अँड्र्यू जेमटन या तत्त्वज्ञांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या नैतिक प्रश्नांबद्दल लिहिताना एका विशिष्ट त्रासाकडे लक्ष वेधले होते : योग्य काय ते ठाऊक आहे, पण संस्थेच्या अडचणींमुळे ते करता येत नाही, यातून होणारा त्रास. त्या मुलाजवळ बसायला हवे हे आपल्याला ठाऊक होते. आपण बसला नाहीत, कारण शेजारच्या खाटेवरचे सलाइन संपत आले होते आणि ते बदलायला दुसरे कोणी नव्हते. ‘मला काहीच वाटले नाही’ यामागे हा त्रास दडलेला असण्याची शक्यता मला मोठी वाटते.

म्हणून आपल्याला सुचवायचा सराव अगदी साधा आहे. पाळी संपल्यावर, घरी निघण्यापूर्वी, वहीत दोन-तीन ओळी लिहा : काय घडले, मला काय वाटले, आणि ते कशाकडे बोट दाखवते. ‘वाईट वाटले’, ‘ताण आला’ असे मोघम लिहू नका. दुःख, राग, अपराधीपणा, भीती, लाज यांपैकी नेमके काय ते लिहा, कारण प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. रुग्ण गेल्याचे दुःख असेल, तर ते समजणाऱ्या सहकारी बाईजवळ बोलल्याने हलके होते. अपराधीपणा असेल, तर त्या वेळी खरोखर माझ्या हातात काय होते हे तपासावे लागते. काही असेल तर पुढच्या वेळी करावे, नसेल तर तसे स्पष्ट लिहून ठेवावे. आणि राग असेल, तर तो बहुधा ड्यूटीच्या तक्त्याबद्दल असतो. तो पोटात ठेवण्याऐवजी लेखी कळवायचा असतो. कळवताना भाषा कोरडी ठेवा : अमुक रात्री रुग्ण इतके, परिचारिका इतक्या, त्यामुळे कोणाचे औषध किती उशिरा दिले गेले, कोणाची कूस बदलायची राहिली, कोणाच्या नातेवाइकांशी बोलणे झाले नाही. ‘आम्ही फार थकतो’ हे पत्र बाजूला पडते. न दिलेल्या औषधाची नोंद बाजूला ठेवणे अवघड जाते.

शक्य असेल तर वॉर्डात महिन्यातून एकदा एकत्र बसण्याची प्रथा सुरू करण्याचा प्रस्ताव मांडा. बॉस्टनमधील केनेथ श्वार्ट्झ या वकिलांना फुफ्फुसाच्या कर्करोगाने गाठले. १९९५ मध्ये ते गेले, पण आजारपणात लाभलेल्या आपुलकीचे महत्त्व जाणून त्यांनी मागे एक संस्था ठेवली, आणि १९९७ पासून मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्यांच्या नावाच्या बैठका सुरू झाल्या. डॉक्टर, परिचारिका, मदतनीस असे सर्वजण एखाद्या रुग्णाच्या निमित्ताने आपल्याला काय वाटले ते सांगतात. उपचारात काय चुकले याची चर्चा तिथे होत नाही. अशा बैठकीला येणे ऐच्छिक असावे. धक्कादायक प्रसंगानंतर लगेच सर्वांना बसवून एकदाच बोलते करण्याचा उपाय पुढचा मानसिक आघात टाळण्यात उपयोगी ठरलेला नाही, त्यामुळे सक्ती झाली तर आपण नम्रपणे नकार देऊ शकता.

नोकरी सोडण्याबद्दल. झोप उडाली असेल, झोपेसाठी गोळ्या किंवा दारू लागत असेल, ड्यूटीला जाण्याच्या विचाराने छातीत धडधडत असेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर नोकरीचा निर्णय बाजूला ठेवा आणि आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. शेवटची गोष्ट असेल तर आजच. एरवी, सलग रजा घेऊन पाहा आणि परत आल्यावर पहिल्या आठवड्यात कोणत्या क्षणी काम बरे वाटले ते टिपा. असे क्षण दिसले, तर काम आपल्याला अजून आवडते आणि अडचण त्या वॉर्डाची आहे. मग बदली मागणे सयुक्तिक ठरेल. लेखी कळवूनही तक्ता बदलत नसेल आणि उत्तरही मिळत नसेल, तर दुसरे रुग्णालय शोधण्यात कमीपणा नाही. लायकीचा प्रश्न यांत कुठेच येत नाही.

राहिला तो शेरा. मूल्यमापनाच्या कागदावर कर्मचाऱ्याच्या म्हणण्यासाठी जागा असेल तर ती कोरी सोडू नका. नसेल तर वेगळ्या अर्जावर लिहा. मजकूर असा ठेवता येईल : ‘भावनिक बुद्धिमत्ता वाढवावी, या शेऱ्यामागे माझे कोणते वर्तन, कोणत्या प्रसंगी, अभिप्रेत आहे ते कळवावे, म्हणजे मला त्यात सुधारणा करता येईल. गेल्या वर्षभरात ज्या पाळ्यांमध्ये वॉर्डात नियोजित संख्येपेक्षा कमी परिचारिका होत्या त्यांची यादी सोबत जोडली आहे. संबंधित प्रसंग त्यांपैकी कोणत्या पाळीतील आहे, हेही पाहावे.’ खाली तारीख घालून सही करा, पोच घ्या आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा.